वाळलेली काडी उपटू नका

उन्हाळ्यात रोप वाळलं की ते मेलं, असं आपण सगळेच धरून चालतो. गडचिरोलीकडच्या एका गावात, जंगल तुटून बरड झालेल्या तुकड्यावर सहावीतल्या एका मुलीने तेंदूचं बी लावलं. पावसाळ्यात चार पानं आली, एप्रिलात काडी झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. "हिच्या हाताला यश नाही," असं बोललं जाऊ लागलं. लेकराच्या माथी असं खापर फोडणं चीड आणणारं आहे. झाडाला कुणाचा हात कळत नाही. पोरगी मात्र दर वर्षी बोराटीच्या काट्यांचं कुंपण नव्याने घालत राहिली. आणि तिचंच बरोबर होतं.

तेंदू पहिली काही वर्षं खालीच वाढतो. सोटमूळ मुरुमात शिरतं, आणि पानांनी पावसाळ्यात केलेली साखर स्टार्च होऊन त्यात साठते. उन्हाळ्यात मातीतलं पाणी आटतं, पण कोरडी हवा पानांतून पाणी ओढतच राहते. या ताणाने खोडाच्या जलवाहिन्यांतला पाण्याचा सलग स्तंभ तुटतो, तिथे हवेचे बुडबुडे शिरतात आणि वरचा भाग वाळतो. आता खरी करामत सुरू होते. शेंड्याची कळी ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली धाडून खालच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, दाबून ठेवत असते. शेंडा गेला की तो दाब उठतो. मूळ आणि खोड जुळतात तिथले, मातीने उन्हापासून राखलेले सुप्त डोळे जागे होतात. मुळांतून येणारं सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक त्यांना फुटायला लावतं, स्टार्चची परत साखर होते, कोंब निघतो. वणवा गेला तरी बहुधा हेच घडतं. दर पावसाळ्यागणिक मूळ जाडावतं, आणि एका वर्षी ते इतकं खोल गेलेलं असतं की कोंब उन्हाळा काढून उभा राहतो. पळस आणि बिवल्याची रोपंही असंच करतात.

2019 मध्ये राज्याने 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. पण रोपवाटिकेच्या पिशवीत गुंडाळी झालेलं सोटमूळ बरडात सरळ खाली कसं जाईल, आणि पुढचे चार उन्हाळे त्याची राखण कोण करील, हे अशा आकड्यांतून कळत नाही.

म्हणून काडी दिसली तरी पाऊस पडेपर्यंत थांबा. बकऱ्या तेवढ्या लांब ठेवा. प्रत्येक कोंब खाल्ला गेला की मुळातला साठा घटतो. सागाची जडी याच तत्त्वावर लावतात: वर्षभराच्या रोपाचं जेमतेम इंचभर खोड आणि वीतभर मूळ ठेवून बाकी सगळं छाटायचं, आणि पाऊस लागला की तेवढंच जमिनीत खोचायचं.