रोलमधली शिवी आणि आपली शिवी: दोन्हीचा हिशोब एकच नाही

एकांकिका स्पर्धांचा सीझन आला की ठाण्यातल्या ख्रिस्ती घरांमध्ये हा वाद हमखास निघतो. पोरगं कॉलेजच्या नाटकात असतं, स्क्रिप्टमध्ये चार शिव्या असतात, आई म्हणते पाप, पोरगं म्हणतं अगं आई पात्र बोलतंय मी नाही, मग पाळकसाहेब नाहीतर फादर बायबलमधलं इफिसकरांस पत्र ४:२९, 'कुजकं भाषण तोंडातून निघू नये', काढून दाखवतात आणि विषय मिटला असं सगळे धरून चालतात. मिटलेला काहीच नसतो. दोन्हीकडचे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवून बोलत असतात आणि हे ऐकून ऐकून आता इतका कंटाळा आलाय की सरळ लिहूनच टाकते.

आपली रोजची शिवी काय असते ते सांगत बसत नाही. घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये काच खाली करून ओरडणं, घरात बायकोवर तोंड सोडणं, ज्या जिभेने देवाची स्तुती करतो तिनेच माणसांना शाप देणं, याकोब ३:९-१० लहानपणापासून पाठ आहे आपल्याला. ते पाप आहे, त्यात वाद नाही.

गडबड पुढे आहे. शिवी दिली की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. समोरच्याला तुम्ही तुच्छ ठरवता, आणि एक घाण शब्द चारचौघांच्या कानावर पडतो. रस्त्यावर दोन्ही एकदम होतात म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. स्टेजवर मात्र त्या सुट्या होतात. तुच्छ ठरवणं तिथे खोटं असतं, शब्द मात्र खराच असतो. आई फक्त शब्द बघते आणि पोरगं फक्त खोटेपणा बघतं, म्हणून भांडण संपत नाही.

आधी पहिली गोष्ट घेऊ. मत्तय ५:२२ मध्ये येशू भावाला 'अरे मूर्खा' म्हणणाऱ्यालासुद्धा नरकाग्नीची भीती घालतो. 'मूर्ख' हा काही अश्लील शब्द नाही, पहिलीतली पोरं वापरतात. म्हणजे येशूचा रोख शब्दाच्या घाणीवर नाहीये, भावाबद्दल मनात जो तिरस्कार आहे त्यावर आहे. १३व्या शतकात धर्मपंडित संत थॉमस अक्वायनसने 'सुम्मा' या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा घेतलाय, की अपमानाच्या शब्दांचं पाप नुसत्या आवाजात नसतं, बोलणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर ठरतं. आता गडकरी रंगायतनच्या स्टेजवर एक नट दुसऱ्याला आईवरून शिवी घालतो आणि पडदा पडल्यावर दोघं मिळून कटिंग प्यायला जातात, तिथे कोणी कोणाचा तिरस्कार केला? कोणीच नाही. ते पाप तिथे घडलेलंच नाही आणि जो घडलं म्हणतो त्याने मत्तय परत वाचावं.

आणि पवित्र शास्त्रातच बघा ना. १ शमुवेल २०:३० मध्ये शौल राजा स्वतःच्या पोराला, योनाथानाला, त्याच्या आईवरून बोलतो, आपल्याकडे भांडणात बोलतात अगदी त्याच धाटणीचं. शिमी नावाचा माणूस दावीद राजाला भररस्त्यात शिव्याशाप देत दगड मारतो. येशूचाच शिष्य पेत्र कोंबडा आरवायच्या आधी शाप देत, शपथा घेत येशूला नाकारतो. हे सगळं आपण चर्चमध्ये उभं राहून मोठ्याने वाचतो. कॅथलिक मंडळींकडे तर झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचं वाचन वाटून करतात, ख्रिस्ताचे शब्द एकाचे, निवेदन दुसऱ्याचं, आणि जमावाचे शब्द बऱ्याच ठिकाणी अख्खी मंडळी बोलते, 'ह्याला क्रुसावर खिळा'. याहून भयंकर वाक्य कुठल्या एकांकिकेत असेल सांगा मला. ते बोलून कोणी कन्फेशनला धावत नाही, उलट ते बोलताना आपण त्या जमावात कुठे उभे आहोत ते कळतं. म्हणजे दुष्ट माणसाला आपला आवाज उसना देणं हे चर्चच्या आतच चालतं, त्याला पाप म्हणायची सोयच नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मी पोरांच्या बाजूने नाही. 'नाटकात खून चालतो मग शिवी का नाही' हा युक्तिवाद ऐकला की माझं डोकं फिरतं. नाटकातल्या खुनात कोणी मरत नाही. नाटकातली शिवी मात्र खरंच उच्चारली जाते, तिसऱ्या रांगेतल्या दहा वर्षांच्या पोरीच्या कानात खरंच जाते. इफिस ४:२९ चा अर्धाच भाग लोक सांगतात, कुजकं भाषण तोंडातून निघू नये एवढा. पुढचा अर्धा भाग ऐकणाऱ्यांबद्दल आहे, त्यांची उन्नती व्हावी, त्यांना कृपा मिळावी. म्हणून स्टेजवर प्रश्न 'मी मनापासून बोललो का' हा नसून 'ऐकणाऱ्याला यातून काय मिळालं' हा आहे. दारुडा बाप पोराला शिवी घालतो आणि थिएटर गप्प होतं, प्रेक्षकातल्या एखाद्या बापाला स्वतःचं घर आठवतं, ती शिवी माझ्या मते उन्नतीच करते. तीच शिवी नुसता हशा वसूल करायला दर दोन वाक्यांनी पेरली असेल तर ती कुजकीच, पात्राची असो की कोणाची. अक्वायनसनेही नटाचा धंदा मुळात पाप नाही असं म्हटलंय, त्याची एक अट अशी की हसवण्यासाठी नको ते शब्द आणि नको ती कृत्यं वापरू नयेत.

अजून एक, जे कोणी बोलत नाही. कधीकधी स्टेजवरचा घावसुद्धा खरा असतो. जातीवरून शिवी, काळ्या रंगावरून, जाडेपणावरून विनोद, यात निशाणा फक्त पात्रावर नसतो, ती जात आणि तो रंग प्रेक्षकात बसलेला असतो. नाटक त्या शिवीच्या विरुद्ध उभं असेल तर ठीक, पण लोक शिवी देणाऱ्याबरोबर हसत असतील तर मत्तय ५:२२ तिथे पूर्ण लागू होतो. आमच्याकडे स्क्रिप्टमधली 'भ' ची शिवी कापतात आणि मोलकरणीच्या रंगावरचा जोक ठेवतात. मला याचा प्रचंड राग येतो.

द्वयर्थी कॉमेडीचं तेच. एकही शिवी नाही म्हणून अख्खं कुटुंब वाशीला भावे नाट्यगृहात बघून येतं, आणि इफिस ५:४ मध्ये अमंगळ बोलणं आणि बाष्कळ टवाळी सरळ नाव घेऊन नाकारलीये. मी शिव्यांचं गंभीर नाटक दहादा बघेन, हे एकदाही नाही.

देवाच्या नावाचा नियम मात्र वेगळा. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ही आज्ञा कॅथलिक मोजणीत दुसरी, आमच्या प्रोटेस्टंट मोजणीत तिसरी, त्यावरून भांडू नका. क्रुसाखाली थट्टा करणाऱ्यांचे संवाद बोलायला हरकत नाही, कारण तिथे त्या नावाचं वजन सगळ्यांना जाणवत असतं. पण इंग्लिश नाटकात पायाला ठेच लागली की 'जीझस ख्राईस्ट', ते पात्राला काही देत नाही, नाव नुसतं वाया जातं. बाकीच्या शिव्यांवर बोलता येईल, हे मी बोलणार नाही आणि माझ्या मुलांनाही बोलू देणार नाही.

बाकी फरक किरकोळ आहेत. वेबसिरीज की नाटक, मराठी शिवी की इंग्लिश, पैसे घेऊन की हौशी, काही फरक पडत नाही. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट प्रयोगाला लागतं, सदसद्विवेकाला नाही. आणि ३१४ साली आजच्या फ्रान्समधल्या आर्लच्या धर्मसभेने नटांना प्रभुभोजनापासून दूर ठेवलं होतं हा दाखला देणाऱ्यांनी तेव्हाचं रोमन थिएटर काय होतं तेही सांगावं, मूर्तिपूजेचे सण आणि उघडा अश्लीलपणा. पुढे त्याच चर्चने एका नटाला, जेनेसियसला, नटांचा पालक संत मानलंय, आणि पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी स्वतः पोलंडमधल्या क्राकुफमध्ये नाटकात काम करायचे.

आता ज्याला एवढं वाचूनही ती ओळ बोलताना आतून टोचतं, त्याने बोलू नये. रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय, मनाला पटत नसेल ते करू नये सांगणारा, त्याच्यासाठीच आहे, आणि ग्रुपमधल्या कोणी त्याला काकूबाई म्हणू नये. फक्त हे डायरेक्टरला पहिल्या वाचनालाच सांगा, प्रयोगाच्या आदल्या रात्री नाही, म्हणजे वाक्य बदलायला किंवा रोल दुसऱ्याला द्यायला त्याच्या हातात वेळ राहतो.