बोलून घेतलं म्हणजे वाचून घेतलं नव्हे

"ऊसतोडीवर कादंबरी लिहिलीय. एका मुकादमाशी दोन दिवस बोललो, म्हणजे सेन्सिटिव्हिटी रीडरचं काम झालंच की!" हे ऐकून आता कान किटले. त्यातही मुकादम! ज्याच्या वहीत मजुरांची उचल मांडलेली असते, तो त्यांच्या वतीने बोलणार? सेन्सिटिव्हिटी रीडर म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यातलाच, छापण्याआधी मसुदा वाचून काय खटकतं ते सांगणारा वाचक.

बीटा रीडर तुम्हाला ठाऊक आहे: गोष्ट कुठे रेंगाळते ते सांगणारा मित्र. प्रुफं तपासणारा ऱ्हस्व-दीर्घ बघतो. हे सोडून देऊ. घोळ होतो तो माहितगार आणि सेन्सिटिव्हिटी रीडर यांच्यात.

माहितगार लिहिण्याआधी लागतो आणि तुम्ही विचाराल तेवढंच सांगतो. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, फडावर गेलं नाही तर खाडा, राहायला कोपी, वरखर्चाला वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायचं. हे सगळं माझ्या कथेत बिनचूक होतं. मग मसुदा एका मुलीला दिला. तिचं बालपण कोपीत गेलेलं, आता एमए करतेय. तिने एकही तपशील खोडला नाही. 'कोपीत शिरताच शेणाचा, ओल्या पाचटाचा वास आला' या ओळीखाली मात्र रेघ मारून विचारलं, "हा वास कुणाला आला?" कथा त्या कोपीत राहणाऱ्या बाईच्या नजरेतून सांगितलेली होती. नाक माझं होतं.

पुढे आणखी एक शेरा. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया 2019 मध्ये गाजल्या. माझ्याही नायिकेची पिशवी काढलेली. "हे खरंच आहे," तिने लिहिलं, "पण बाईला दुसरं काहीच का नाही? कारखान्याच्या क्लार्कला नाटकाचं वेड दिलंत, हिला साधी आवडती भाजीसुद्धा नाही." हा प्रश्न मी कुठल्या माहितगाराला विचारणार होतो? मला तो पडलाच नव्हता.

म्हणून संपूर्ण मसुदा द्या. 'त्यांच्यापुरती' चार पानं काढून देणं मला अजिबात पटत नाही. ती पानं तुम्हीच निवडता, म्हणजे शंका तुम्हाला आधीच आलेली असते. घरकामाच्या मावशींना वाचायला देऊ नका, त्या तोंडावर नाही कसं म्हणतील? वसतिगृहांतून, संघटनांमधून, कॉलेजांतून रीतसर विचारा. मानधन आधी ठरवा. मुखपृष्ठ छापून झाल्यावर तर कुणाला विचारूच नका.

शक्यतो दोघांना द्या. माझ्या दुसऱ्या वाचकाचं म्हणणं होतं, वास राहू दे, थंडीत पाचट भिजलं की आम्हालाही यायचा. शेवटी मी शेण काढलं, ओलं पाचट ठेवलं. मुलीला ते अजून पटलेलं नाही.