धूर एकाचा, खोकला दुसऱ्याचा

२८ एप्रिल १९८६ ची सकाळ. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एक कर्मचारी किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रासमोरून गेला आणि यंत्राने बोंब ठोकली. दोष निघाला त्याच्या बुटांत. गळती आपल्याच अणुभट्टीत असणार, या धास्तीने लोकांना बाहेर काढलं. भट्टी मात्र ठणठणीत होती. बुटांना चिकटलेले कण बाहेरच्या आवारातले होते, आणि तिथे ते वाऱ्या-पावसाने आणून टाकले होते. कणांची जात आणि वाऱ्याची दिशा पडताळल्यावर संशयाची सुई आग्नेयेकडे वळली. सुमारे १,१०० किलोमीटरवर चेर्नोबिलची भट्टी दोन दिवसांपूर्वीच फुटली होती, आणि सोव्हिएत सरकारने तोवर जगासमोर ब्रही काढला नव्हता. त्या रात्री मॉस्कोच्या बातम्यांत त्रोटक कबुली आली.

भूगोलाच्या पुस्तकात जगाचे विभाग खंडांप्रमाणे, देशांप्रमाणे पाडलेले असतात. हवेचा शेजार निराळाच. तिथे तुमचा शेजारी कोण, हे धुराडं किती उंच आहे यावरही ठरतं.

हे गंमत म्हणून लिहीत नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुक्याची चादर बसली आणि हजारो माणसं दगावली. त्यानंतर ब्रिटनमध्ये जे उपाय झाले, त्यांतला एक म्हणजे वीजकेंद्रांची उंचच उंच धुराडी. आसपासची हवा सुधारली, पण धुराने फक्त पत्ता बदलला. कोळशातल्या गंधकाचा वायू उंचावर सोडला की तो एक-दोन दिवस, कधी त्याहूनही जास्त, हवेत राहतो. वाटेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि पावसाबरोबर ते कुठेतरी भलतीकडेच उतरतं. वारे बहुतेक पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहणारे. त्यामुळे ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुराचा मोठा वाटा नॉर्वे-स्वीडनच्या पदरात पडला.

तिथला खडक ग्रॅनाइटचा, वर मातीचा पातळ थर. आम्ल मारायला चुनखडी नाही. स्वच्छ पावसाचा सामू ५.६ च्या आसपास असतो. दक्षिण नॉर्वेत तो साडेचारच्याही खाली गेला. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे लक्षात घेतलं तर आकड्यातला हा फरक किरकोळ वाटणार नाही. आम्लाने मातीत बांधलेलं ॲल्युमिनियम सुटं केलं, ते तळ्या-नद्यांत आलं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसलं. मासे गुदमरून मेले. पाणी वरून नितळ दिसत होतं, उलट आधीपेक्षाही नितळ, कारण आत फारसं काही जगतच नव्हतं.

१९६७ साली स्वांते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने हा सगळा कार्यकारणभाव थेट वर्तमानपत्रातून मांडला. धूर सोडणाऱ्या देशांनी अर्थातच कानांवर हात ठेवले. अखेर १९७९ मध्ये जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला. शीतयुद्ध चालू असतानाही दोन्ही गटांतल्या देशांनी त्यावर सह्या केल्या. पहिल्या करारात कपातीचा एकही आकडा नव्हता. गंधक ३० टक्क्यांनी घटवण्याचं कलम १९८५ मध्ये आलं, आणि त्यावर ब्रिटनने सही केली नाही.

मला विचाराल तर या प्रकरणात खरी कामगिरी एका रुक्ष कोष्टकाची. मोजणी केंद्रांच्या नोंदी आणि वाऱ्यांचं गणित जुळवून शास्त्रज्ञांनी एक तक्ता मांडला. एका बाजूला गंधक सोडणारे देश, दुसऱ्या बाजूला ते झेलणारे. कोणाचं किती, कोणाकडे गेलं, सगळं चौकटी-चौकटीत. आरोपाचं हिशेबात रूपांतर झालं, आणि हिशेबावर घासाघीस करता येते. १९८० नंतर युरोपातलं गंधकाचं उत्सर्जन ८० टक्क्यांहून जास्त घटलं.

मग हीच युक्ती सगळीकडे का चालत नाही? आग्नेय आशियाचंच बघा. इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि बोर्निओच्या दलदलीत पीट असतं, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर. कालवे खणून ते वाळवलं आणि लागवडीसाठी रान पेटवलं, की आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसते. १९९७ मध्ये या धुराने सिंगापूर-मलेशिया झाकोळून टाकले. २००२ मध्ये आसियान देशांनी करार केला, पण ज्याच्या भूमीवर आग लागते त्या इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली २०१४ मध्ये. पुढच्याच वर्षी पुन्हा भीषण वणवे पेटले. इथे कोष्टकाच्या चौकटीच एकमेकींत मिसळतात. जमीन इंडोनेशियाची असली, तरी पाम तेलाच्या मळ्यांत शेजारच्या देशांतल्या कंपन्यांचाही पैसा आहे. खोकणारा आणि कमावणारा कधी कधी एकाच शहरात राहतो. सिंगापूरने २०१४ मध्ये परदेशात आग लावणाऱ्या कंपन्यांनाही दंड करणारा कायदा केला, तो यामुळेच.

आणि नॉर्वे? धुराडी निवळली, तरी कित्येक वर्षांच्या आम्ल पावसाने मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं आहे. ते खडक झिजून भरून यायचं, म्हणजे फार सावकाश. तोवर दक्षिणेकडच्या सामन माशांच्या नद्यांकाठी यंत्रं उभी आहेत. पाण्याचा सामू घसरला की ती चुनखडीची पूड प्रवाहात सोडतात.