आरपार जाणारी नजर

किप्लिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. एक फ्रिस्बी येऊन त्यांना लागली. दोन अनोळखी माणसं खेळत होती. विल्यम्सनी ती परत फेकली, त्यांनी पुन्हा यांच्याकडे. थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला आणि मग अवाक्षर न बोलता त्या दोघांनी यांना वगळलं. ज्यांची नावंही माहीत नाहीत त्यांच्यावर काय रुसायचं? पण विल्यम्सना ते लागलं.

त्यातूनच पुढे 'सायबरबॉल' हा प्रयोग आला. संगणकाच्या पडद्यावर तिघं चेंडू फेकतात, त्यांतले एक तुम्ही. थोड्या वेळानं तुमच्याकडे चेंडू येणं बंद होतं. समोर माणसं नाहीत, संगणक खेळतोय, हे आधीच सांगितलं तरी लोक हिरमुसतात! २००३ मध्ये हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा शारीरिक वेदनेत जागा होणारा एक भाग इथेही जागा झालेला दिसला. 'दुर्लक्ष म्हणजे मेंदूला मारच' असं त्यावरून सर्रास लिहिलं जातं. मला ते ताणलेलं वाटतं. तो भाग इतर बऱ्याच कारणांनीही जागा होतो.

मला जास्त पटतो तो २०१२ चा साधा प्रयोग. कुणाला खिजगणतीत न धरण्याला जर्मन लोक 'हवेसारखं वागवणं' म्हणतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात संशोधकांचा साथीदार समोरून येणाऱ्यांपैकी काहींच्या नजरेला नजर देई, काहींकडे बघून हसे, काहींच्या मात्र आरपार बघे, जणू तिथे हवाच आहे. लगेच पुढे दुसरा विचारी, 'गेल्या मिनिटभरात इतरांपासून किती तुटल्यासारखं वाटलं?' नजर मिळालेल्यांना कमी तुटल्यासारखं वाटलं होतं. हसू नसलं तरी.

आमच्या फाटकावरचे वॉचमनकाका रोज कितीतरी गाड्यांसाठी अडसर उचलतात. काच खाली करणारे मोजकेच, आणि परवापर्यंत मीही त्यांत नव्हतो. 'काका, जेवलात का?' एवढं विचारलं, तर त्यांनी डबा उघडून आतली मेथीची भाजीच दाखवली.

एवढ्यानं काय होतं, असं आपल्याला का वाटतं? अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी शिकागोच्या बर्फावरच्या स्केटिंगच्या जागी लोकांना गरम चॉकलेटचा एकेक पेला दिला आणि तो हवा तर स्वतःला ठेवा, नाहीतर अनोळखी माणसाला देऊन टाका, असं सांगितलं. बहुतेकांनी देऊन टाकला. घेणाऱ्याला किती बरं वाटेल, याचा देणाऱ्यांचा अंदाज कमीच निघाला. देणारा पेल्याची किंमत धरतो. घेणाऱ्याच्या लेखी, कुणीतरी आपल्याला दिला, हे मोठं असतं.

दोस्तांच्या बाबतीतही तेच. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी ५,९०० हून अधिक लोकांवर प्रयोग केले. बरेच दिवस संपर्क नसलेल्याला सहज चौकशीचा निरोप पाठवला, तर पाठवणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा घेणाऱ्याला त्याचं अप्रूप जास्त. आणि निरोप जितका अनपेक्षित, तितकी ही तफावत मोठी. म्हणजे 'इतक्या वर्षांनी कसा करू फोन?' म्हणून आपण जो टाळतो, नेमका तोच.