ई-सायकल : जोर कुठे जातो, उष्णता कुठे साठते

हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेली मोटर, चाकाला पुढे फिरवते, तेव्हा तेवढ्याच जोराने ती स्वतःच्या आसाला उलटं फिरवू पाहते. आस फिरत नाही, कारण त्याच्या दोन बाजू सपाट केलेल्या असतात आणि त्या फ्रेमच्या खाचेत अडकून बसतात. बहुतेक हब मोटरींच्या आसाचा व्यास १२ मिलिमीटर आणि सपाट बाजूंमधलं अंतर १० मिलिमीटर असतं. मोटर ४० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा पीळ) देत असेल, तर एवढ्याशा जागेत खाचेच्या कडांवर किमान ४०० किलो वजनाइतका जोर येतो. साध्या सायकलच्या आसाला असला पीळ कधीच सोसावा लागत नाही. म्हणून ई-सायकल जोडताना प्रत्येक ठिकाणी ‘इथला जोर कुठे जातोय?’ असं विचारावं, आणि बॅटरी हाताळताना ‘इथली उष्णता कुठे जातेय?’ असं. जवळपास सगळी काळजी या दोन प्रश्नांतूनच निघते.

आसाचा नट थोडा जरी सैल राहिला, तरी मोटर सुरू होताना आणि थांबताना आस खाचेत पुढे-मागे हलतो. खाच हळूहळू रुंदावते आणि एक दिवस आस पूर्ण फिरतो. मोटरची वायर आसातूनच बाहेर येत असल्याने ती पिळवटून तुटते. मोटर पुढच्या चाकात असेल, तर चाक फोर्कमधून (चाक धरणाऱ्या चिमट्यातून) निसटू शकतं. यावर उपाय म्हणजे टॉर्क आर्म : आसाच्या सपाट बाजूंवर घट्ट बसणारी पोलादी पट्टी, जिचं दुसरं टोक फ्रेमला पक्कं बांधलेलं असतं. पीळ खाचेऐवजी ही पट्टी घेते. अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्कमध्ये मोटर बसवायची असेल, तर टॉर्क आर्मशिवाय सायकल रस्त्यावर आणूच नये. अ‍ॅल्युमिनियम आधी वाकून इशारा देत नाही, त्याला थेट तडा जातो. खाचेत बसणारा दातेरी वॉशर आतल्या बाजूला, मग साधा वॉशर, मग नट, असा क्रम ठेवावा आणि नट साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळावा. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच पाळावा.

खोक्यातून येणारी सायकल बरीचशी जोडलेलीच असते. हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट, दिवा आणि मडगार्ड तेवढे बसवायचे असतात. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या एलन की, पेडलसाठी १५ चा पाना, मोटरच्या नटासाठी बहुधा १८ चा पाना, थोडं ग्रीस आणि शक्य असेल तर टॉर्क पाना एवढं सामान पुरतं. बॅटरी मात्र काम संपेपर्यंत काढून बाजूला ठेवावी.

सगळ्यात आधी फोर्क सरळ आहे का ते पाहावं. खोक्यात मावावा म्हणून तो अनेकदा उलटा फिरवलेला असतो आणि तसाच राहून जातो. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर खूण सोपी आहे : सीटवर बसल्यावर पुढच्या ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) डाव्या हाताला दिसला पाहिजे. चाक बसवण्यापूर्वी कॅलिपरमधला प्लॅस्टिकचा तुकडा काढावा, पण तो काढल्यावर डिस्क आत जाईपर्यंत ब्रेकचा लिव्हर दाबू नये. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग ते उघडत बसावं लागतं.

हँडल पकडणाऱ्या पट्टीचे चार बोल्ट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळत न्यावेत. वरची आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळलं की पट्टी तिरकी बसते, आणि जोराचा ब्रेक लागला की हँडल जागच्या जागी फिरतं. साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरतात. आकडा बहुधा पट्टीवरच कोरलेला असतो. वरच्या टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवतो असा एक गैरसमज आहे. त्याचं काम फक्त बेअरिंगमधला खेळ (ढिलेपणा) काढण्याचं. बाजूचे दोन बोल्ट सैल ठेवून आधी तो हलकेच आवळायचा, हँडल चाकाच्या रेषेत आणायचं आणि मग बाजूचे बोल्ट घट्ट करायचे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलताना बेअरिंगच्या कडेवर बोट ठेवावं. बोटाखाली ‘टक’ जाणवलं, तर खेळ अजून शिल्लक आहे.

पेडलवर आर आणि एल ही अक्षरं असतात. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. पेडल मारताना त्याच्या आसावरच्या जोराची दिशा सतत फिरत राहते आणि त्यामुळे आस आट्यांत हळूहळू सरकत जातो. ते सरकणं सैल होण्याकडे न जाता आवळण्याकडे जावं, म्हणून डावीकडे उलटे आटे. आधी ग्रीस लावून तीन-चार वेढे बोटांनीच फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत. तिथे पाना लावला की पेडलचं पोलाद क्रँकच्या (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याच्या) मऊ अ‍ॅल्युमिनियमला खरवडून टाकतं आणि क्रँक बदलण्याची वेळ येते.

वायरींचे गोल कनेक्टर जोडताना दोन्हीकडचे बाण समोरासमोर आणावेत आणि सरळ रेषेत दाबावं. फिरवू नये. आतल्या पिना सुईसारख्या बारीक असतात. एक वाकली की डिस्प्ले एरर दाखवतो किंवा मोटर धक्के देत चालते, आणि दोष मोटरचा समजला जातो. काढतानाही वायर न ओढता कनेक्टरचं अंग धरावं. कंट्रोलरमध्ये (मोटरची वीज नियंत्रित करणाऱ्या डब्यात) शिरण्याआधी वायरीला खाली झोका दिला, तर पावसाचं पाणी त्या झोक्याच्या तळाशी गळून पडतं, आत शिरत नाही. शेवटी हँडल डावीकडे-उजवीकडे टोकापर्यंत वळवून कुठलीही वायर ताणली जात नाही ना, हे पाहावं.

बॅटरी खाचेत सरकवल्यावर ‘खट्’ आवाज आला पाहिजे. मग कुलूप लावून ती वर ओढून बघावी. बैठकीत ती डुगडुगत असेल तर खड्ड्यागणिक तांब्याचे संपर्क क्षणभर सुटतात आणि तिथे ठिणगी पडते. काही आठवड्यांत संपर्काची पट्टी काळी पडते, तिचा रोध वाढतो आणि तिथेच उष्णता साठू लागते. काळी पडलेली पट्टी हा बॅटरीच्या बैठकीतला दोष ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

पहिल्यांदा मोटर सुरू करताना मोटरचं चाक जमिनीपासून उचललेलं असावं. ब्रेक लिव्हर दाबताच मोटर बंद होते का, ते दोन्ही लिव्हरवर तपासावं. फक्त पेडलची गती ओळखणाऱ्या साध्या सेन्सरच्या सायकलमध्ये पेडल थांबवल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते. वळणावर हा क्षण लांब वाटतो, त्यामुळे ब्रेकचा हा स्विच चालू असणं फार महत्त्वाचं.

पहिल्या १०० ते १५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत आणि चाकाचा आउट (फिरतानाची डगमग) काढावा. जड मोटरभोवतीचे स्पोक आखूड असतात. एखादा सैल पडला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो ताणला जातो, ढिला होतो, आणि शेवटी बहुधा वाकलेल्या गळ्यापाशी तुटतो. एकाच बाजूचे स्पोक बोटाने छेडून ऐकावेत. बाकीच्यांपेक्षा जो खर्जात वाजतो, तो सैल.

आता बॅटरी. आतमध्ये बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे लिथियम-आयन सेल असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. असे १० सेल एकामागोमाग जोडले की ३६ व्होल्टचा पॅक होतो, जो पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवतो. १३ सेल जोडले की ४६.८ व्होल्टचा, ज्याला ‘४८ व्होल्ट’ म्हणतात; तो भरल्यावर ५४.६. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणलं की साठा कळतो : ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. पेडल मारत चाललं तर किलोमीटरला साधारण १० वॅट-अवर लागतात. मात्र माणूस आणि सायकल मिळून १०० किलो वजन १०० मीटर उंच चढवायलाच २७ वॅट-अवर लागतात, आणि मोटरमधली गळती धरली तर ४० च्या आसपास. चढाच्या वाटेवर अंतराचे अंदाज चुकतात ते यामुळेच.

चार्जरची पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, असं नसतं. ४२ व्होल्टला पूर्ण भरणाऱ्या पॅकला ५४.६ चा चार्जर लावला, तर त्याला अडवायला मधे फक्त बीएमएसचा (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा) छोटा सर्किट बोर्ड उरतो. हा बोर्ड शेवटची भिंत आहे, रोज धडका घ्यायला बनवलेला नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा चार्जरही चालत नाही, त्याचे व्होल्ट आणि भरण्याची पद्धत दोन्ही वेगळी असतात. चार्जरवरचा आऊटपुटचा आकडा आणि पॅकवरचा आकडा शेजारी ठेवून वाचावा : ३६ च्या पॅकला ४२ चा, ४८ च्या पॅकला ५४.६ चा. खरेदी करतानाच यूएल २८४९ किंवा ईएन १५१९४ या मानकांचा उल्लेख शोधावा. या मानकांत सायकलच्या विजेच्या सगळ्या यंत्रणेचा विचार आहे.

बॅटरी चालवण्याने झिजते हे खरं, पण अनेकांची बॅटरी उभ्या उभ्याच जास्त झिजते. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये आतलं द्रावण इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाशी सावकाश अभिक्रिया करत राहतं. ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो, त्यात लिथियम कायमचं अडकतं आणि साठा घटतो. तापमान वाढलं की हे सगळं वेगाने होतं. म्हणजे १०० टक्के भरून तापलेल्या पत्र्याखाली आठवडाभर उभी केलेली सायकल रोज चालणाऱ्या सायकलपेक्षा जास्त म्हातारी होऊ शकते. रोजच्या वापराला ८० ते ९० टक्के पुरे. चार्जरवर तशी सोय नसेल तर हिशोब करून टायमर लावता येतो : १० अँपिअर-अवरचा पॅक ३० वरून ८० टक्क्यांवर न्यायला ५ अँपिअर-अवर लागतात, म्हणजे २ अँपिअरच्या चार्जरवर अडीच तास. महिन्यातून एकदा मात्र पूर्ण भरू द्यावं, कारण अनेक बोर्ड सेलांमधला फरक अगदी शेवटच्या टप्प्यातच समान करतात. ‘आधी पूर्ण संपवा, मग भरा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलांचा. लिथियमला थोडं-थोडं भरणंच मानवतं.

लांब पल्ल्यानंतर पॅक अर्धा तास थंड होऊ द्यावा, मगच चार्जर लावावा. शून्य अंश सेल्सिअसखाली तर भरूच नये. थंडीत लिथियमला ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळ लागतो, ते बाहेरच धातू म्हणून साचतं आणि तो थर पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याला कारण ठरू शकतो. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर ४० ते ६० टक्के चार्ज, थंड आणि कोरडी जागा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी. बोर्ड स्वतः थोडी वीज पीतच असतो. सेल फार खाली उतरून पडून राहिला, तर आतलं तांबं द्रावणात विरघळतं आणि नंतर चार्ज करताना नको तिथे जमतं. असा मेलेला पॅक थेट चार्जर जोडून ‘जागा’ करण्याचा उद्योग आग लावणारा आहे.

आग लागते ती अशी : तडा, आत शिरलेलं पाणी, बेमेळ सेल घालून केलेली दुरुस्ती किंवा चुकीचा चार्जर यांनी एक सेल आतून शॉर्ट होतो आणि तापतो. सुमारे १३० अंशांना दोन इलेक्ट्रोडांमधला प्लॅस्टिकचा पडदा वितळू लागतो, ज्वलनशील वायू सुटतात आणि उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. तापलेला इलेक्ट्रोड स्वतःच ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे नुसतं झाकून ही आग हमखास विझत नाही. अग्निशमन दल भरपूर पाणी मारतं ते थंड करण्यासाठी. घरातल्या माणसांनी पॅक उचलण्याचा प्रयत्न करू नये. बाहेर पडावं, दार ओढून घ्यावं आणि मदत बोलवावी. धूर विषारी असतो. आणि याच कारणासाठी पॅक बाहेर पडण्याच्या वाटेवर, जिन्याखाली किंवा गादीवर कधीही चार्जिंगला लावू नये. घरातले जागे असताना, कठीण मोकळ्या फरशीवर लावावा.

पॅक फुगणं, थिनरसारखा गोडसर वास, फुसफुस आवाज, काही न करता गरम लागणं, किंवा एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर अचानक निम्म्यावर येणं, यातलं एक जरी दिसलं तरी तो पॅक पुन्हा चार्जिंगला लावू नये. जोरात पडून कवच तडकलं असेल तरीही नाही.

चालवताना मोटरची उष्णता लक्षात ठेवावी. ३६ व्होल्टवर १५ अँपिअर म्हणजे ५४० वॅट आत जातात. चढावर चाक रेंगाळत असेल तर त्यातला मोठा भाग गुंडाळीतच उष्णता बनून राहतो. अशा वेळी पाय घालावेत, वेग टिकवावा. मोटरच्या कवचावर हात ठेववत नसेल तर थांबावं. थांबायला लागणारं अंतरही लक्षात ठेवावं : ताशी १५ किलोमीटरला, एक सेकंद प्रतिक्रियेला धरून, कोरड्या रस्त्यावर सायकल सुमारे ६ मीटरमध्ये थांबते आणि २५ ला सुमारे १२ मीटरमध्ये. नवे डिस्क पॅड असतील तर मोकळ्या जागी वीसेक वेळा वेग घेऊन, चाक न लॉक करता, चालण्याच्या गतीपर्यंत ब्रेक लावत पॅड बसवून घ्यावेत. तोवर हे अंतर आणखी लांब असतं.

पाऊस चालतो, पण जोराच्या फवाऱ्याने सायकल धुणं नाही. फवारा रबरी सील ओलांडून बेअरिंगमध्ये आणि कनेक्टरमध्ये पाणी घुसवतो. भिजून आल्यावर बॅटरी काढावी, दोन्हीकडचे संपर्क कोरड्या फडक्याने पुसावेत आणि ओलावा पूर्ण गेल्यावरच ती परत बसवावी. टाकाऊ पॅकच्या टोकांवर चिकटपट्टी लावून तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावा, कारण कचरागाडीत दाबला गेलेला ‘संपलेला’ पॅकही पेट घेण्याइतकी वीज धरून असतो.