डीजे हेडफोन (वायरचे, परवडणारे)

संपूर्ण कान झाकणारे, बंद पाठीचे (कपाची बाहेरची बाजू बंद असलेले) हेडफोन. एक गाणे स्पीकरवर चालू असताना पुढचे कानात ऐकून तालात बसवण्यासाठी वापरतात. ठाणे-नवी मुंबईत ‘डीजे’ म्हणजे माणूस कमी आणि स्पीकरची भिंत जास्त. ‘हळदीला डीजे आहे’ यातला डीजे टेम्पोतून उतरतो. ही नोंद त्या भिंतीच्या आडोशाला लॅपटॉप आणि कंट्रोलर (गाणी मिसळायचा बटणांचा पाट) मांडून उभ्या राहणाऱ्या पोराच्या गळ्यातल्या वस्तूची आहे.

वायर अजून टिकून आहे ती उशिरामुळे. साध्या ब्लूटूथवर आवाज साधारण 100 ते 200 मिलिसेकंद मागे राहतो. मिनिटाला 128 ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधले अंतरच सुमारे 469 मिलिसेकंद. म्हणजे कानात जुळलेले कोळीगीत बाहेर जवळजवळ अर्धा ठोका पुढे पळू शकते, आणि नाचणारे पाय ते लगेच ओळखतात.

खोक्यावर ‘50 एमएम’ ठळक छापलेले असते, ते ड्रायव्हरचे, म्हणजे कपातल्या छोट्या स्पीकरचे माप. त्याला भुलू नये. 1991पासून स्टुडिओत वापरात असलेल्या सोनी एमडीआर-7506चा ड्रायव्हर 40 मिलिमीटरचा आहे. घणसोली-बाळकुमच्या हळदीत बेसच्या खोक्याशेजारी उभे राहिल्यावर कामाला येते ती कानाभोवती घट्ट बसणारी गादी. चष्म्याच्या काडीने तिथे फट पडते, तेव्हा चष्मा घालूनच पाहावे. सेनहायझर एचडी 25 हा डीजेंचा आवडता हेडफोन कानावर नुसता टेकतो. तो या वर्गात मोडत नाही. एक कप मागे वळवून एका कानाने बाहेरचे ऐकता यायला हवे.

इम्पीडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, 32 ते 64 ओहम असला की लॅपटॉप, कंट्रोलर दोन्हींवर भागते. 250 ओहमचा स्टुडिओवाला हेडफोन स्वस्तात मिळाला तरी मोबाइलवर त्याचा आवाज दबका येतो.

मोठी पिन, म्हणजे 6.35 मिलिमीटरची, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली. मिक्सरवर अजून तीच. छोटी 3.5ची. छोटीवर चढवून तिची मोठी करणारी जोडपिन आट्यांची असावी, नुसती खोचायची पिन ऐन गर्दीत निसटते. जुन्या लँडलाइनसारखी गुंडाळीची वायर पायात येत नाही, पण मानेला ओढ देते. स्वस्त हेडफोन बहुधा पिनेच्या मुळाशी मरतो: आधी वायर वाकवली की एका कानात खरखर, मग तोही कान बंद. म्हणून निघणारी वायर असलेला घ्यावा, नाहीतर सोल्डर मारणारा ओळखीचा ठेवावा.

खाडीकाठच्या दमट हवेत आणि घामात रेक्झिनच्या गाद्या एक-दोन पावसाळ्यांत सोलतात. काळे पापुद्रे कानाला, शर्टच्या कॉलरला चिकटतात. मखमली गादी सोलत नाही, पण बाहेरचा आवाज आत सोडते. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच: याच्या गाद्या सुट्या मिळतात का? मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला, दोन-चार दुकाने फिरून हे विचारता येते. जाताना नेहमी वाजवतो ते गाणे मोबाइलमध्ये आणि जोडपिन खिशात असावी.