शैक्षणिक आवारातील गोपनीय मदत

लैंगिक छळ, जोडीदाराची मारहाण, पाठलाग किंवा धमक्या सोसणाऱ्या विद्यार्थ्याला अथवा कर्मचाऱ्याला संस्थेच्या आवारात मिळणारी, बाहेर न फुटणारी मदत. भारतात तिची एकच खिडकी नाही. समुपदेशक, लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी संस्थेची अंतर्गत समिती आणि रुग्णालय या तीन ठिकाणी गुप्ततेची मर्यादा वेगवेगळी आहे. ती आधी न सांगितल्याने बरेच घोळ होतात.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार मानसोपचार करणाऱ्या तज्ज्ञावर गुप्ततेचे बंधन आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे त्याला काही अपवाद. वर्गाच्या मेंटॉर मॅडम कितीही विश्वासू असल्या तरी हे बंधन त्यांना लागू नाही. जाणता समुपदेशक तपशील ऐकण्यापूर्वीच वय विचारतो. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग बऱ्याचदा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरतात, आणि पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर पॉक्सो या बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. सगळे ऐकून घेतल्यावर हे सांगणे म्हणजे विश्वासघातच.

अंतर्गत समितीचा पाया २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम. अध्यक्षपदी वरिष्ठ प्राध्यापिका, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक बाहेरची सदस्य आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन निवडून आलेले विद्यार्थी. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही. २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारीतला मजकूर, नावे, पत्ते आणि कामकाज जाहीर करता येत नाही. माहितीच्या अधिकारातही ते मिळत नाही. पण जिच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीला तक्रारीची प्रत सात दिवसांत जाते, म्हणजे तिच्यापासून तक्रारदाराचे नाव लपत नाही. निनावी चिठ्ठीवर चौकशी उभी राहत नाही. नुसती मारहाण किंवा पैशांवरून धमकी असेल तर ती समितीच्या कक्षेत येईलच असे नाही. तिथे पोलीस, १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा ‘सखी’ हे हिंसा सोसणाऱ्या महिलांसाठीचे सरकारी मदत केंद्र.

तक्रार लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. कारण पटल्यास आणखी तीन महिने. नियमांप्रमाणे सहा प्रती लागतात, आणि गळती सुरू होते ती इथेच. मुलगी गेटासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाते, मागे रांगेत वर्गमित्र उभे असतात, आणि मूळ कागद काचेवरच राहून जातो. या प्रती समितीने आपल्याच मशीनवर काढून द्याव्यात. सुनावणीचे पत्र शिपायाकरवी वर्गात पाठवू नये. Office@ सारख्या चार जण उघडणाऱ्या ई-मेलवर तर नाहीच. फाईलवर नावाऐवजी क्रमांक घालावा.

सर्वांत वाईट गळती ‘चांगल्या हेतूने’ होते: वॉर्डनचा घरी फोन. घरचे दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन जातात, हॉस्टेलभर बातमी होते आणि पुढची मुलगी तोंड उघडत नाही. १८ पूर्ण झालेल्या विद्यार्थिनीच्या घरी तिच्या परवानगीविना फोन करू नये. चौकशी चालू असतानाचे अंतरिम उपाय मात्र लगेच मागता येतात: तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि आरोप असलेल्या शिक्षकाकडून पेपर तपासणी व मूल्यमापन काढून घेणे. आदेशात कारण लिहू नये. ‘प्रशासकीय’ एवढे पुरते.

बलात्कारानंतर रुग्णालयात उपचार मोफत असतात, पण रुग्णालय पोलिसांना कळवतेच. तपासणीला आणि तक्रारीला नकार देता येतो. तो नोंदवला जातो, उपचार अडत नाहीत. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुराव्याचे नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. एचआयव्हीप्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. कपडे धुऊ नयेत. सावलीत सुकवून कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा कुजतो. मुंबईत महापालिका आणि ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन संस्था यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने रुग्णालयातच समुपदेशन देण्याचा पायंडा पाडला.

सदस्यांची मुदत तीन वर्षांची. नवी समिती येताना जुन्या फाईलींचे कपाट यादी करून, सही घेऊन सोपवावे. बहुतेक ठिकाणी फक्त किल्ली हातात दिली जाते.